पत्र्याच्या दाराला आतून काय लावायचं: थर्माकोल, फॉइलचा फोम, पडदा की नुसता पांढरा रंग?

घराला लागून ट्रॅक्टरची किंवा गाडीची खोली, तिला दहा बाय आठ फुटांचं पत्र्याचं दार आणि दाराचं तोंड मावळतीला. अशी खोली ज्याच्याकडे आहे त्याला एप्रिल लागला की दुपारी तिकडे फिरकवत नाही. त्याच खोलीत सोयाबीनचं बियाणं, फवारणीची औषधं, कधी पोरांचं अभ्यासाचं टेबल, नाही तर शिलाई मशीन असतं. म्हणून दाराला काही लावायचा विचार येतो आणि दुकानात गेलं की चार जण चार माल दाखवतात.

आधी थोडा हिशेब. ८० चौरस फुटांचं दार म्हणजे साधारण ७.४ चौरस मीटर. उघड्या पत्र्यातून दर चौरस मीटरमागे, तापलेला पत्रा आणि आतली हवा यांच्या तापमानातल्या प्रत्येक अंशाच्या फरकाला जवळपास ६ वॉट उष्णता आत येते. बाहेर ४४ अंश असताना गडद तपकिरी रंगाचं दार पश्चिमेचं ऊन खाऊन ६५ अंशांपर्यंत सहज जातं. आत ४० धरले तर ६ गुणिले २५ गुणिले ७.४, म्हणजे सुमारे ११०० वॉट. भर वैशाखात खोलीत एक हीटर लावून ठेवल्यासारखंच हे झालं. हिशेब ढोबळ आहे, पण कोणता उपाय यातले किती वॉट कापतो हे पाहायला पुरेसा आहे.

माल घेण्याआधी दिशा आणि छत

पश्चिमेच्या दारावर दुपारी दोनपासून दिवस मावळेपर्यंत ऊन असतं, आणि तेही हवा सगळ्यात तापलेली असते त्या वेळी. त्यामुळे इथे केलेला खर्च वसूल होतो. पूर्वेच्या दाराचं ऊन अकरापर्यंत उतरतं. दक्षिणेच्या दाराचं गणित मात्र बरेच जण उलटं करतात. विदर्भात मेच्या उत्तरार्धात सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या उभ्या दारावर त्या दिवसांत ऊन फारसं पडतच नाही. तिथे जाड थर लावण्यापेक्षा फटी बुजवा आणि पैसे वाचवा. उत्तरेच्या दारालाही हेच लागू.

आणि वर टिनाचं छत उघडं असेल तर दाराचा विषय आज बाजूला ठेवा. बारा बाय अठराच्या खोलीचं छत २१६ चौरस फूट, म्हणजे दाराच्या पावणेतीन पट, आणि त्यावर दुपारचं ऊन सरळ पडतं. छताला वरून पांढरा रंग दिल्याशिवाय किंवा खालून दुसरं, फॉल्स सीलिंगसारखं छत मारल्याशिवाय नुसत्या दारावर खर्च केला तर फरक हाताला जाणवेल, अंगाला जाणवणार नाही.

पांढरा रंग: सगळ्यात आधी, सगळ्यांनी

वरच्याच दाराला बाहेरून पांढरा रंग दिला तर तोच पत्रा ६५ ऐवजी ५३ च्या आसपास राहतो. ११०० वॉटचे ५५०-६०० होतात. जवळपास निम्मं काम दीड लिटर रंगात होतं. एवढ्या स्वस्तात इतका फरक पाडणारं दुसरं काही नाही, तरी लोक आधी फोमचा भाव विचारतात.

चुना की ऑइल पेंट? भिंतीवर चुना उत्तम, पण गुळगुळीत पत्र्यावर तो धरत नाही. फेविकॉल मिसळून मारला तरी पहिल्या पावसात ओघळतो. दाराला पांढरा चकचकीत ऑइल पेंटच द्या. तारेच्या ब्रशने गंज काढून रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज अडवणाऱ्या तांबड्या प्रायमरचा, एक हात, तो सुकल्यावर पांढऱ्याचे दोन हात. चकचकीत रंगावर धूळ कमी बसते आणि ओल्या फडक्याने निघते. होळीनंतर एकदा दार धुऊन घ्यायचं, कारण धुळीने मळलेला पांढरा रंग हा पांढरा राहत नाही.

दोन पल्ल्यांचं दार असेल तर

चौकोनी पाइपची चौकट आणि बाहेरून वेल्डिंग केलेला पत्रा, असं दार असेल तर नशीब समजा. पाइपच्या जाडीमुळे आतून आयते कप्पे तयार असतात.

२५ मिमीचा थर्माकोल या कप्प्यांत बसवला की वरचा ६ चा आकडा १.२ वर येतो. पाचपट फरक. १० मिमीचा फॉइल लावलेला क्रॉसलिंक फोम, ज्याला दुकानदार एक्सएलपीई म्हणतात, तो आकडा २.२ च्या आसपास आणतो. थर्माकोल २५ ऐवजी ५० मिमी घेतला तर १.२ चा ०.७ होतो. म्हणजे पहिल्या इंचाने पावणेपाच वाचवले, दुसऱ्या इंचाने अर्धा. दुसऱ्या इंचाचे पैसे छतावर टाका.

मग फोम कोणी घ्यावा? ज्याच्या दाराला कप्पे नाहीत, किंवा ज्या खोलीत पेट्रोल-डिझेल हाताळलं जातं त्याने. पेट्रोलचा शिंतोडा थर्माकोलला विरघळवतो. फोमला कापायला कटर पुरतो, तो चुरत नाही आणि पाइपवरूनही सलग लावता येतो. जळायला मात्र दोन्ही जळतात, त्यामुळे त्या खोलीत गॅस शेगडी किंवा गवताच्या गंजीजवळचं काम असेल तर आगरोधक प्रतीचा माल मागूनच घ्या.

बुडबुड्यांची चंदेरी शीट दिसायला झकास आणि वजनाला काहीच नाही. पण तिचा गुण फुग्यांत कमी, चकाकीत जास्त. चकाकणाऱ्या बाजूसमोर किमान पाऊण इंच मोकळी हवा हवी. पत्र्याला घट्ट चिकटवली की त्या बाजूची चकाकी वाया जाते, फक्त खोलीकडची उरते. ट्रॅक्टरच्या खोलीत भुसा आणि धूळ बसून तीही मंदावते. स्वच्छ राहणाऱ्या खोलीत ठीक, गोदामात नको. काचेची लोकर गुणाने थर्माकोलइतकीच आहे, पण उघडी ठेवता येत नाही, तिचे तंतू अंगाला चावतात आणि भिजली की बसते. रोज आपटणाऱ्या दारात ती घालू नये.

थर्माकोल घेताना पॅकिंगचा हलका माल घेऊ नका. बोटाने दाबला की खड्डा पडतो तो हलका. घनमीटरला १५ ते २० किलो घनतेचा मागा. एक मीटर बाय अर्ध्या मीटरच्या शीट मिळतात, वरच्या दाराला १५ लागतात, कापण्यात वाया जाणाऱ्या धरून १७ आणा.

बसवण्याचा क्रम महत्त्वाचा. कब्जे, कडी-कोयंडा, मधल्या जोडावरची पट्टी, जे काही वेल्डिंग असेल ते आधी उरकून घ्या. थर्माकोल बसल्यावर त्या दाराला वेल्डिंगचा हात लागता कामा नये. ठिणगी आत गेली तर बाहेरून कळतही नाही. मग आतून गंज काढून रेड ऑक्साइड मारा आणि दोन दिवस सुकू द्या, कारण एकदा झाकलेला पत्रा पुन्हा दिसणार नाही.

कप्प्याच्या मापापेक्षा तुकडा दोन-तीन मिमी मोठा कापला की तो दाबून घट्ट बसतो, डिंकाची गरजच पडत नाही. चिकटवायचंच असेल तर थर्माकोलला चालणारा डिंक घ्या. सनमायका चिकटवायचं पिवळं सोल्यूशन लावलं तर थर्माकोल जिथे लागला तिथे खोलगट खड्डे पडत वितळतो. रात्री नीट चिकटलेली वाटलेली शीट सकाळी जमिनीवर असते. प्रत्येक कप्प्यात खालून दोन इंच जागा मोकळी ठेवा आणि चौकटीच्या खालच्या पाइपलगत पत्र्याला बारीक भोक पाडा. मृगाच्या वादळी पावसात पाणी फटीतून येतंच, ते बाहेर पडायला वाट हवी. नाही तर दार खालून कुजतं.

वरून झाकण हवंच, नाही तर उंदीर महिनाभरात घर करतात आणि उंदरामागे साप येतो. ६ मिमी प्लाय लावण्याचा मोह होतो, पण ८० चौरस फुटांचा प्लाय तीसेक किलो भरतो आणि कब्जे ओढले जातात. सगळा थर्माकोल मिळून चार किलोसुद्धा नसतो. त्यापेक्षा बोर्डवाल्यांकडची पोकळ प्लास्टिक शीट हलकी. खालच्या फूटभर भागाला तेवढा पातळ पत्रा मारा. स्क्रू पाइपमध्येच जातील असे छोटे घ्या. लांब स्क्रू बाहेरचा पत्रा फोडतो आणि तिथूनच पाणी शिरतं.

एवढं करूनही दुपारी चारला आतून हात फिरवला तर काही पट्टे चटका देतात. ते चौकटीचे पाइप. थर्माकोल कप्प्यात असतो, पाइप उघडाच असतो आणि लोखंड उष्णता थेट आत आणतं. झाकण लावण्याआधी पाइपवरून ५ मिमी फोमची पट्टी चिकटवली की हा चटका जातो.

आणखी एक: थर्माकोल ७५-८० अंशांच्या वर फार काळ टिकत नाही. गडद रंगाच्या दारामागे आता उष्णता अडकून पत्रा आधीपेक्षा जास्त तापतो. म्हणून बाहेरचा पांढरा रंग इथे हौसेचा भाग नाही.

रोलिंग शटर असेल तर

शटरला काहीही चिकटवू नका. तीन मिमीचा फोमसुद्धा गुंडाळताना वेढ्यावेढ्याने जाडी वाढवतो, वरच्या पेटीत शटर घासतं आणि पट्ट्यांचे जोड अडकतात. शिवाय शटरच्या जोडांतून आणि बाजूच्या चॅनलमधून लू आत येतेच, ती फोमने थांबत नाही.

इथे आतून पडदा. शटरपासून चार-सहा इंच अंतरावर पाइप टाकून ताडपत्री किंवा जुन्या फ्लेक्स बॅनरचे दोन थर, मध्ये ५ मिमी फोम. गावात निवडणूक झाली की फ्लेक्सला तोटा नसतो. पांढरी बाजू खोलीकडे करा. दोन्ही बाजूंनी अर्धा फूट जास्त रुंदी आणि खालच्या शिवणीत वाळू भरा, म्हणजे पडदा जमिनीला टेकून राहतो. थर्माकोलच्या दाराइतका गुण येणार नाही, पण शटर शाबूत राहतं.

बाहेरची सावली: तट्टा, हिरवी नेट, मांडव

ऊन पत्र्यापर्यंत पोचूच दिलं नाही तर आतल्या मालाची अर्धी गरज संपते. ७५ टक्के ऊन अडवणारी हिरवी नेट किंवा बुरडाकडचा बांबूचा तट्टा दारापासून फूटभर पुढे बांधायचा, चिकटून नाही. मधली तापलेली हवा वर निघून गेली पाहिजे. दार रोज उघडायचं असेल तर वरून गुंडाळता येईल असा बांधा. अंगणात पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या सुक्या काड्यांचा) मांडव घालायची रीत आहेच, पण कलत्या उन्हाला तो अडवत नाही. पश्चिमेची बाजू झाकली तरच उपयोग. धोके दोन: वळवाच्या वादळात हे सगळं उडतं आणि सुक्या पऱ्हाट्या बिडीच्या थोटकानेही पेटतात.

ओलं पोतं किंवा खसचा पडदा कोरड्या हवेत थंडावा भरपूर देतो. मात्र बियाणं किंवा युरिया ठेवलेल्या खोलीत ही ओल चालत नाही, पत्रा गंजतो, आणि जिथे मे महिन्यात पाणी टँकरने येतं तिथे हा पर्याय मोजूच नये.

फटी, कूलर आणि रात्र

दाराखालची बोटभर फट दहा फूट लांब असते. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची चार इंची पट्टी लोखंडी पट्टीखाली बोल्ट करून लावली की लू, धूळ आणि उंदीर तिन्ही अडतात. थंडीतही थर्माकोलपेक्षा ही पट्टीच जास्त कामाची.

पण खोलीत कूलर असेल तर सगळं बंद करून चालत नाही. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, तेवढीच दुसरीकडून बाहेर जायला हवी. दार पक्कं बुजवलं तर समोरच्या भिंतीत वरची खिडकी उघडी ठेवा, नाही तर तासाभरात खोलीत चिकचिक होते. गाडीच्या खोलीला तर वर झरोका हवाच, आणि दार बंद ठेवून इंजिन कधीच चालू करायचं नाही. शेतातून आलेला ट्रॅक्टर अर्धा तास बाहेर थंड होऊ द्या. तापलेलं इंजिन आत आणून मग दाराला थर्माकोल लावण्यात अर्थ नाही.

सकाळी नऊला दार बंद, दिवस मावळला की उघडं. भिंतींनी दिवसभर धरलेली उष्णता रात्री बंद दारामागे कोंडते आणि चांगलं झाकलेलं दार ती आणखी कोंडतं. चोरीची भीती असेल तर आतून जाळीचा पल्ला बसवून घ्या. वेल्डर एकदा आलेलाच असतो, त्याच फेरीत ते काम होऊन जातं.