लंडनचं सुप्रीम कोर्ट: एन्ट्री फ्री, चुकवू नका

बिग बेनचे फोटो काढून झाले की तसंच पार्लमेंट स्क्वेअर ओलांडून समोर जा, यूकेचं सुप्रीम कोर्ट तिथेच आहे. तिकीट नाही, बॅग चेक केली की सोडतात आत, फक्त शनिवार-रविवार बंद असतं. केस चालू असेल तर मागे बसून ऐकता पण येतं, आणि खालचं कार्पेट आर्टिस्ट पीटर ब्लेकच्या डिझाइनचं आहे, भारी एकदम!

2009 च्या आधी हे टॉपचे जज पार्लमेंटमध्येच, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसायचे, आता मध्ये रस्ता आहे. पण नुसत्या रस्त्याने काय होतंय, 2005 च्या कायद्याने लॉर्ड चॅन्सेलरला म्हणजे मंत्र्यालाच शपथ घ्यावी लागते की न्यायाधीशांचं स्वातंत्र्य जपेन, आणि तरी 2016 ला ब्रेक्झिटवरच्या हायकोर्टाच्या निकालावरून डेली मेल या पेपरने तिथल्या तीन जजचे फोटो छापून 'लोकांचे शत्रू' अशी हेडलाइन दिली तेव्हा त्या वेळच्या लॉर्ड चॅन्सेलर लिझ ट्रस बाईंचं स्टेटमेंट दुसऱ्या दिवशी आलं, तेही पेपरचं नाव न घेता, एकदम मिळमिळीत. जज स्वतः थोडीच प्रेस घेऊन भांडणार?

बिल्डिंगला पाच स्टार, शपथेला दोन. तासभर पुरतो, खाली कॅफे पण आहे.