हायबरनेटचं डीडीएल-ऑटो: अख्खा गाळप हंगाम वापरल्यानंतर

जावात क्लास लिहायचा आणि डेटाबेसात टेबल आपोआप तयार, ही हायबरनेटच्या डीडीएल-ऑटो ह्या सेटिंगची सोय मला आजही आवडते. पण दशांशाच्या एका घरापायी ह्याच सोयीने आमच्या एका कंत्राटदाराला कारखान्याच्या दारात भांडायला नेऊन उभं केलं असतं. त्या घराबद्दल जरा जास्तच लिहिणार आहे, कारण डीडीएल-ऑटोवरच्या लेखांत ते मला कुठे वाचायला मिळालं नाही.

सांगलीत, विश्रामबागला बसून आम्ही ऊस तोडणी-वाहतूक कंत्राटदारांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवतो. टोळ्या, मुकादमांची उचल, खेपा, काट्याच्या पावत्या, पंधरवड्याचं बिल. जावाचं फ्रेमवर्क स्प्रिंग बूट २.७, त्यातलं हायबरनेट ५.६, खाली पोस्टग्रेस हा डेटाबेस, आणि सगळं भाड्याच्या सगळ्यात स्वस्त सर्व्हरवर. डेटाबेस सांभाळायला वेगळा माणूस ठेवणं ह्या धंद्यात परवडत नाही, म्हणून डीडीएल-ऑटो 'अपडेट'वर.

पहिले काही महिने त्याने कामाचा फडशा पाडला. हंगाम तोंडावर आला की मागण्या रोज बदलतात. एका ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्यांची वजनं वेगळी हवीत, डिझेलची उचल मुकादमाच्या उचलीत मिसळायची नाही, टोळीत कोयते किती ते दिसलं पाहिजे. फील्ड टाकायचं, सर्व्हर परत सुरू करायचा, कॉलम हजर. मराठी नावांचाही त्रास झाला नाही. स्ट्रिंगला ते २५५ ची मर्यादा घालतं आणि पोस्टग्रेस बाइट मोजत नाही, युनिकोडची चिन्हं मोजतं. 'क्षेत्र' हा शब्द सात चिन्हांचा होतो, तरी गाव-गट-शेतकऱ्याचं नाव आरामात बसतं. मर्यादा ओलांडलीच, तर पोस्टग्रेस तिथल्या तिथे एरर देतं.

आकड्यांच्या बाबतीत मात्र ते एरर देत नाही.

उसाचं वजन टनात, तीन दशांश घरांनी लिहितात, कारण तिसरं घर म्हणजे किलो. पावतीवर १२.३७५ म्हणजे बारा टन तीनशे पंचाहत्तर किलो. जावात हे फील्ड बिगडेसिमल, म्हणजे नेमक्या दशांश आकड्यांचा प्रकार. त्याच्यावर काही लिहिलेलं नसेल, तर हायबरनेट ५ कॉलम बनवतं न्यूमेरिक १९,२. एकूण एकोणीस अंक, दशांशानंतर फक्त दोन. अशा कॉलमात १२.३७५ गेलं की पोस्टग्रेस ते १२.३८ करून ठेवतं. ना एरर, ना लॉगमध्ये ओळ. आमच्या रिपोर्टात वजन तीन घरांनी छापलं जायचं, म्हणून कागदावर यायचं १२.३८०. दिसायला अगदी बरोबर.

पाच किलोने काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. पण काटा पाच किलोच्या पायरीने वजन देतो. म्हणजे शेवटचा आकडा शून्य किंवा पाच, आणि पाच आला की पोस्टग्रेस तो वरच ढकलतं. कधी कमी कधी जास्त होऊन चुका एकमेकींना कापतील, तसं इथे होतच नाही. निम्म्या खेपा पाच किलोने फुगतात. हिशेब केला तर चारशे खेपांमागे एक टन. २०२४-२५ ची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये होती, म्हणजे त्या टनाचे ३४०० रुपये. तोडणी-वाहतुकीच्या दराने रक्कम त्याहून कमी. पण आपल्या भागात वजनातला फरक कुणी रुपयांत मोजत नाही.

पलूस भागातल्या एका कंत्राटदारांचा, आम्ही त्यांना आबा म्हणतो, पंधरवड्याचं बिल आल्यावर फोन आला. "आवो, कारखान्याची बेरीज आन् तुमची बेरीज जुळंना. आपला ऊस जास्त भरतोय आन् त्येंनी कमी लावलाय." पुढचा शब्द काटामारी. ह्या पट्ट्यात तो शब्द नुसता उच्चारला तरी माणसं गोळा होतात. आबांना म्हटलं, दोन दिवस द्या, पावत्या घेऊन ऑफिसला या. एकेक पावती स्क्रीनशी लावली. कारखान्याचं वजन पहिल्यापासून बरोबर होतं.

टेस्टमध्ये हे का दिसलं नाही, ते लिहितो, कारण तुमच्याही टेस्टमध्ये दिसणार नाही. खेप सेव्ह करून त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये परत वाचली, की हायबरनेट डेटाबेसातला आकडा आणत नाही, हातातलंच ऑब्जेक्ट परत देतं. त्यात १२.३७५ शाबूत असतं. मध्ये फ्लश आणि क्लिअर केलं, म्हणजे बदल डेटाबेसात पाठवून हातातलं ऑब्जेक्ट सोडून दिलं, तरच खरा आकडा समोर येतो.

मग फील्डवर स्केल, म्हणजे दशांशानंतरची घरं, ३ लिहिलं, सर्व्हर परत सुरू केला. कॉलम तसाच. ५.६ मधलं 'अपडेट' नवा कॉलम जोडतं, असलेल्या कॉलमचा प्रकार बदलत नाही, नाव बदललं तर जुना तसाच ठेवून शेजारी नवा कॉलम उभा करतं. त्यातून 'व्हॅलिडेट', म्हणजे क्लास आणि टेबल जुळतात का ते नुसतं तपासणारा पर्याय, लावून पाहिला, तर तेही पास! कॉलम न्यूमेरिक आहे, एवढ्यावर त्याचं समाधान होतं. दशांशाची घरं ते बघतच नाही. मला सगळ्यात जास्त राग ह्याचा आला. तपासणी करतो म्हणणाऱ्याने वजनाच्या कॉलमात किलो मावतो की नाही एवढं तरी बघावं.

शेवटी हाताने अल्टर टेबल करून न्यूमेरिक १२,३ केलं. गेलेलं घर मात्र परत येत नाही. १२.३८ हे मुळात १२.३८० होतं की १२.३७५, हे आता फक्त कागद सांगणार. पावत्या पुन्हा टाइप करायला माणूस बसवला, त्याची मजुरी आमच्या खिशातून गेली.

त्या आठवड्यात मी हे लिहिलं असतं, तर 'डीडीएल-ऑटो बंद करा' एवढंच लिहिलं असतं. नंतर मत बदललं. जेपीए (हायबरनेट पाळतं ते जावाचं प्रमाण) २.१ पासून, म्हणजे २०१३ पासून, हीच स्कीमा, म्हणजे टेबलांची रचना, डेटाबेसावर न चालवता फाइलमध्ये लिहून घेता येते. ती फाइल चहा घेत वाचली की न्यूमेरिक १९,२ डोळ्यांत खुपतं. फॉरेन की (दुसऱ्या टेबलाशी जोडणारा कॉलम) आहे पण तिच्यावर शोध जलद करणारा इंडेक्स नाही, हेही तिथेच दिसतं. मायएसक्यूएल तो स्वतः बनवतं, पोस्टग्रेस बनवत नाही. हायबरनेटचं मार्गदर्शकही आपोआप स्कीमा टेस्टिंग-प्रोटोटाइपसाठी चांगली म्हणतं आणि खऱ्या वापरात टप्प्याटप्प्याच्या मायग्रेशन (डेटाबेस बदलायच्या) स्क्रिप्ट सुचवतं. मग 'अपडेट' चालू असताना लॉगमध्ये मोठ्या अक्षरात ते सांगायला काय हरकत आहे?

आता फाइल बनवून घेतो, वाचतो, दुरुस्त करतो आणि अशा स्क्रिप्ट चालवणाऱ्या फ्लायवेला देतो. फ्लायवेची फुकट आवृत्ती आम्हाला पुरते. अन्डू फक्त विकतच्या आवृत्तीत आहे, त्यासाठी मी पैसे मोजणार नाही, उलटी स्क्रिप्ट हाताने लिहिता येते. डीडीएल-ऑटो 'व्हॅलिडेट'वर, आणि दशांश घरं तपासायला इन्फॉर्मेशन स्कीमावर (डेटाबेसाची स्वतःच्या कॉलमांची नोंदवही) आमची स्वतःची क्वेरी.

नवं काही लिहून बघायचं असेल, डेटा उडाला तरी चालणार असेल, तर 'अपडेट' खुशाल वापरा, वेळ वाचतो. पण वजन, पैसा, व्याज असलं काही असेल, तर पहिल्या दिवशीच प्रत्येक बिगडेसिमलवर प्रिसिजन (एकूण अंक) आणि स्केल लिहा. हायबरनेट ६ वर गेलात म्हणून सुटका नाही, तिथे ते ३८,२ झालंय. दोन तसाच आहे. शिवाय ६.२ पासून पोस्टग्रेसवर ईनमला (ठरावीक पर्यायांच्या यादीला) चेक कन्स्ट्रेंट, म्हणजे यादीबाहेरचं काही न घेणारी अट, येतो. खेपेला 'परत पाठवली' अशी नवी स्थिती जोडायची असेल, तर तो कन्स्ट्रेंट स्क्रिप्टमध्ये हाताने बदलावा लागेल. आमचं स्प्रिंग बूट ३ वर, म्हणजे हायबरनेट ६ वर, जाणं बाकी आहे. ते पावसाळ्यात, काटे बंद असताना उरकायचं ठरवलंय.