फाशीची जरब बसते का? : धंतोलीतल्या चार रविवारांच्या अभ्यासवर्गाविषयी

फाशीच्या शिक्षेमुळे हिंसक गुन्ह्यांना आळा बसतो का, एवढ्या एकाच प्रश्नावर नागपूरच्या धंतोलीतील एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर मराठीतून अभ्यासवर्ग चालतो. दर रविवारी सकाळी 2 तास, असे 4 रविवार. शुल्क 600 रुपये, त्यात टिपणांच्या छायाप्रती आणि चहा. शिकवणाऱ्या बाई निवृत्त प्राध्यापिका आहेत. आमच्या तुकडीत विधी महाविद्यालयातील विद्यार्थी होते, दोन शिक्षिका होत्या आणि एक निवृत्त हवालदारही होते.

माझे घर राहाटे कॉलनीच्या बाजूला आहे. 30 जुलै 2015 रोजी इथल्या मध्यवर्ती कारागृहात 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांतील दोषी याकूब मेमनला फाशी देण्यात आली. दिल्लीत सर्वोच्च न्यायालय रात्री तीननंतर सुनावणीस बसले होते, आणि इकडे वर्धा रोडवरचा बंदोबस्त मी पहाटेपासून पाहत होतो. आता जरब बसेल, असे मला त्या सकाळी मनापासून वाटले होते. कोणाला बसेल आणि कशाच्या तुलनेत बसेल, हे मी स्वतःला विचारले नव्हते.

‘तुलनेत’ हाच शब्द बाईंनी पहिल्या रविवारी फळ्यावर लिहिला. फाशी नसेल तर खुनी मोकळा सुटतो असे गृहीत धरून आपण वाद घालतो. प्रत्यक्षात फाशीऐवजी जन्मठेप असते. म्हणून जन्मठेपेला न घाबरणारा, पण फाशीला घाबरून हात आवरणारा माणूस किती वेळा आढळतो, एवढेच तपासायचे असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 2012 मध्ये तोवरच्या अभ्यासांची छाननी केली, तेव्हा नेमका हाच दोष दाखवला : त्या अभ्यासांनी फाशीखेरीजच्या शिक्षांचा परिणाम वेगळा मोजलेला नव्हता, त्यामुळे फाशीने खून घटतात, वाढतात की तसेच राहतात, यातले काहीच त्यांवरून म्हणता येत नाही. एक फाशी सात-आठ खून टाळते, हा आयझॅक एर्लिक या अर्थशास्त्रज्ञाचा 1975 चा निष्कर्ष मी पूर्वी अनेकदा आवेशाने सांगितला आहे. त्याच्या आकडेवारीतली 1960 च्या दशकातली शेवटची काही वर्षे वगळली की तो परिणाम नाहीसा होतो, हे मला या वर्गात प्रथमच कळले.

दुसरा रविवार मात्र कमी पडला. परदेशांतील आकडेवारीचे तक्ते पडद्यावर इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत होते, मागच्या रांगेला ते दिसत नव्हते, आणि एवढ्या देशांचा फेरफटका एका बैठकीत घेण्याची गरजही नव्हती. कॅनडाने 1976 मध्ये फाशी रद्द केली आणि पुढील काही दशकांत तिथला खुनांचा दर घटत गेला, हे उदाहरण पुरेसे होते. ती घट फाशी रद्द केल्यामुळेच झाली असे समजू नका, हेही बाईंनी बजावले, आणि माझा त्यांच्यावरचा विश्वास तिथे पक्का झाला.

शुल्काचे खरे मोल तिसऱ्या रविवारी मिळाले. नाशिकजवळ 2003 मध्ये घडलेल्या दरोडा, बलात्कार आणि खुनांच्या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आम्ही समोर ठेवून वाचले. 2009 च्या निकालाने भटक्या जमातीतील सहाही जणांना फाशी दिली होती; तिघांची कायम केली आणि उच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणलेल्या तिघांनाही ती सुनावली. 2019 च्या निकालाने त्याच सहा जणांना निर्दोष ठरवून प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. हल्ल्यातून वाचलेल्या महिलेने पोलिसांकडच्या छायाचित्रांमधून दुसऱ्याच चार जणांना ओळखले होते, आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. ते वाचून संपले तेव्हा खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग हवालदारकाका म्हणाले, “मॅडम, ज्यायनं केलं त्यायले तर कोनी विचारलंच नाही. त्यायले भेव कायचं वाटन?” फाशी ठोठावली गेली, अनेक वर्षे डोक्यावर राहिली, आणि ज्यांना जरब बसायला हवी होती ते तिच्या कक्षेत कधी आलेच नाहीत. पुण्यातील 1994 च्या हत्याकांडात फाशी झालेला एक कैदी 2023 मध्ये आपल्याच नागपूरच्या कारागृहातून सुटला. गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले तेव्हा त्याची 28 वर्षे आत गेली होती. माझ्या घरापासून ती भिंत चालत दहा मिनिटांवर आहे.

शेवटच्या रविवारी फाशीची शिक्षा घटनेनुसार वैध ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा 1980 चा बच्चनसिंग निकाल वाचला. आकडे निर्णायक नाहीत हे बहुमतातील न्यायमूर्तींनी ओळखले होते, पण विचारी माणसांतच मतभेद असताना फाशी निरुपयोगी आहे असे म्हणता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे; न्यायमूर्ती भगवती यांनी एकट्याने भिन्न मत दिले. 12 वर्षांखालील मुलीवरील बलात्काराला 2018 मध्ये फाशीची तरतूद झाली, त्यावरची चर्चा सर्वांत तीव्र झाली. बलात्काराला आणि खुनाला एकच शिक्षा असेल, तर पीडित मुलगी ही एकमेव साक्षीदार असताना तिला जिवंत सोडण्याचे गुन्हेगाराला कारणच उरत नाही, ही भीती एका शिक्षिकेने मांडली, आणि त्यावर मला अजूनही उत्तर सापडलेले नाही.

एक उणीव मोठी आहे. ज्यांच्या घरचे माणूस मारले गेले, त्यांना जरबेच्या हिशोबाशी कर्तव्य नसते. त्यांना न्याय हवा असतो. त्यांचे म्हणणे चार रविवारांत एकदाही ऐकायला मिळाले नाही. मी हे लेखी कळवले, तेव्हा बाईंनी पुढच्या तुकडीसाठी पाचवा रविवार जोडण्याचे मान्य केले. ती तुकडी दिवाळीनंतर सुरू होते आहे. त्या एका रविवारासाठी मी पुन्हा नाव नोंदवले आहे. आपण जाणार असाल तर पुढच्या रांगेत बसा.