विंचेस्टर की सॉल्झबरी? लंडनहून एकच दिवस असेल तर

वॉटर्लूहून दोन्हीकडे थेट गाडी आहे. विंचेस्टर तासाभरावर, सॉल्झबरी साधारण दीड तासावर. भारतातून आलेल्या पाहुण्यांना लंडनबाहेरचं एखादं जुनं कॅथीड्रलचं शहर दाखवायचं म्हटलं की आमच्याकडे ही दोनच नावं निघतात. "दोन्ही छान आहेत" या उत्तराचा तिकीट काढताना काही उपयोग नसतो.

निव्वळ वास्तू म्हणून सॉल्झबरी सरस आहे, यात वाद नको. 123 मीटर उंचीचा मनोरा, ब्रिटनमधला सगळ्यात उंच. मुख्य इमारत 1220 ते 1258 अशी 38 वर्षांत उभी राहिली, त्यामुळे ती सगळी एकाच हातची वाटते. मनोरा मागाहून चढवला. त्याचं वजन साडेसहा हजार टन धरतात, आणि त्या ओझ्याने मधले खांब वाकलेत. खांबाशी उभं राहून नजर वर नेली की सहज कळतं. 2018 मध्ये याच गावात एका माजी रशियन हेरावर विषप्रयोग झाला, त्यातले दोन रशियन संशयित टीव्हीवर म्हणाले होते, आम्ही हा मनोरा बघायला गेलो होतो. बहाणा होता असं धरलं तरी ठिकाण चांगलं निवडलं होतं!

भोवतीचं आवारही मोठं देखणं. आवाराच्या भिंतीत मधूनच नक्षीचे दगड दिसतात, ते ओल्ड सेरमच्या, म्हणजे जवळच्या टेकडीवरच्या जुन्या गावातल्या, मोडलेल्या कॅथीड्रलचे. त्या टेकडीवर पाणी कमी, वारा फार, आणि किल्ल्यातल्या शिपायांशी रोजची कटकट, म्हणून पाद्री मंडळींनी तिथलं बस्तान हलवून खाली नदीकाठी नवं शहरच वसवलं. चॅप्टर हाउसमध्ये, म्हणजे पाद्र्यांच्या सभागृहात, 1215 च्या मॅग्ना कार्टाच्या (राजाच्या अधिकारांना लगाम घालणारी सनद) उरलेल्या चार प्रतींपैकी एक आहे, चारांत सगळ्यात चांगली टिकलेली.

मग अडतं कुठे? स्टोनहेंजपाशी.

सॉल्झबरी म्हटलं की स्टोनहेंज, ते हजारो वर्षांपूर्वीचं उभ्या दगडांचं वर्तुळ, आलंच, आणि पाहुण्यांच्या यादीत ते कॅथीड्रलच्या कितीतरी वर असतं. तिकिटावर वेळ ठरलेली. स्टेशनवरून बस, मग व्हिजिटर सेंटर, तिथून दगडांपर्यंत आणखी एक बस, आणि परत येताना हेच सगळं उलट. दिवसाचा मधला, उजेडाचा भाग तिकडेच जातो. एकदा आम्ही सगळे धापा टाकत चॅप्टर हाउसच्या दाराशी पोचलो, तर सासूबाई म्हणाल्या, "आता कागद कसला बघायचा, गाडी चुकेल." त्यांचंही बरोबर होतं, सकाळपासून आम्ही घड्याळच बघत होतो. कॅथीड्रलमध्ये 1386 च्या सुमाराचं जुनं घड्याळ आहे, अजून चालणारं. ते मात्र त्या दिवशी राहून गेलं. हे त्या शहराचं वैगुण्य नव्हे, पण माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

विंचेस्टरला असा शेजारी नाही. स्टेशनातून उतरावं, उतारावरून चालत सुटावं. जुन्या किल्ल्यातल्या ग्रेट हॉलच्या भिंतीवर दंतकथेतल्या आर्थर राजाचं म्हणून दाखवतात ते गोल टेबल टांगलंय. आहे ते तेराव्या शतकातलं, रंगवलं आठव्या हेन्रीने. दहा मिनिटांत आटोपतं. पुढे कॅथीड्रल, आणि इथे खरं सांगायचं तर बाहेरून थोडी निराशाच होते. लांबलचक, बसकं, बुटक्या मनोऱ्याचं.

मला ते आवडतं ते जमिनीखालच्या गोष्टीमुळे. दोन्ही कॅथीड्रल ओल्या जमिनीवर आहेत. सॉल्झबरीला पाया जेमतेम सव्वा मीटर, पण खाली घट्ट वाळू-खडी, म्हणून निभावलं. विंचेस्टरच्या पूर्वेकडच्या भागाखाली लाकडाचे ओंडके, आणि त्याखाली पीट, म्हणजे झाडपाल्याची कुजट, मऊ माती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भिंती कलल्या, तडे गेले. पायाशी खणलं की खड्डा पाण्याने भरायचा, आणि पाणी उपसावं तर इमारत कोसळण्याची भीती. शेवटी विल्यम वॉकर नावाच्या पाणबुड्याला उतरवलं. 1906 ते 1911, जड पोशाख घालून तो काळ्याकुट्ट पाण्यात हाताने चाचपत काँक्रीटच्या गोण्या रचत होता. तळ असा बंद झाल्यावरच पाणी उपसून गवंड्यांना काम करता आलं. पुढे 1964 मध्ये त्याचा पुतळा केला, तर चेहरा चुकून इंजिनिअर फ्रान्सिस फॉक्सचा! नवा पुतळा 2001 मध्ये बसला. तळघरात पावसाळी महिन्यांत अजूनही पाणी चढतं.

पश्चिमेची मोठी खिडकीही बघाच. 1642 मध्ये, राजा विरुद्ध पार्लमेंट अशा यादवी युद्धात, पार्लमेंटच्या सैनिकांनी ती फोडली. पुढे तुकडे गोळा करून जमतील तसे बसवले. चित्र काहीच लागत नाही, आणि मला ती सॉल्झबरीच्या नीटनेटकेपणापेक्षा जवळची वाटते. जेन ऑस्टिनची कबर इथलीच. मूळ दगडावर ती लेखिका होती याचा उल्लेखच नाही. इथला संत स्विदन पावसाचा: 15 जुलैला पडला तर पुढचे 40 दिवस पडणार म्हणतात. मृगाचं वाहन कोल्हा की बेडूक हे पंचांगात बघणाऱ्या आमच्या मंडळींना हे लगेच पटलं.

पाय साथ देत असतील तर इचन नदीच्या काठाने सेंट क्रॉसपर्यंत चालत जा. बाराव्या शतकातला हा धर्मादाय आश्रम. दारावर मागितलं तर वाटसरूला अजून पावाचा तुकडा आणि घोटभर बिअर मिळते. घरी परतल्यावर आमचे पाहुणे मनोऱ्यापेक्षा त्या पावाबद्दलच जास्त बोलतात.

पाहुण्यांनी स्टोनहेंजचा हट्टच धरला, तर अर्थात सॉल्झबरी. कुणी वास्तुकलेचा अभ्यासक असेल तरीही तिकडेच जावं, त्याला विंचेस्टर विस्कळीत वाटू शकतं. फक्त जमलं तर एक रात्र तिथे मुक्काम करा: दगड पहिल्या दिवशी उरका, आणि कॅथीड्रलला दुसऱ्या दिवशीची अख्खी सकाळ ठेवा.