तराजूला काम नाही: एस्टोनियातलं टपाल आणि मोबाइल, वापरानंतरचा अनुभव

ओम्निवा ही एस्टोनियाची टपाल कंपनी. तिच्या पार्सल लॉकरमधला, म्हणजे कोड टाकून उघडायच्या कप्प्यांच्या कपाटातला, एस मापाचा कप्पा ९ × ३८ × ६४ सेंटिमीटरचा. एम आणि एल या मापांत लांबी-रुंदी तीच, फक्त उंची १९ आणि ३९. पैसे कप्प्याच्या मापाचे, वजनाचे नाहीत. ३० किलोच्या आत असलं की तराजूला काम नाही. पोस्टाच्या खिडकीवर ग्रॅमच्या हिशेबात वाढलेल्यांना हे पचायला वेळ लागतो, पण एकदा पचलं की माणूस पसरट खोकी फेकायचं सोडून देतो.

सगळा खेळ त्या ९ सेंटिमीटरचा. खोकं बाहेरून साडेआठ हवं, कारण पुठ्ठा मध्यभागी फुगतो आणि चिकटपट्टीच्या दोन-तीन थरांची जाडीही त्यात धरावी लागते. फुगलेलं खोकं कडांना बरोबर बसतं आणि पोटाशी अडतं. मग तिथेच रद्द करून मोठ्या कप्प्याचे पैसे भरा. तालिनहून तार्तूला भाजणी, पोहे, मसाले पाठवायचे तर किलो-किलोच्या झिपलॉक पिशव्या हवा काढून, लाटण्याने सपाट करून एकमेकींशेजारी मांडायच्या. स्टीलचा उभा डबा घातलात की गेलात एममध्ये. पुस्तकं आडवी ठेवली तर एसमध्ये अख्खं वर्षाचं वाचन मावतं.

पाठवणं सोपं. ॲपमध्ये घेणाऱ्याचा मोबाइल नंबर आणि त्याला सोयीचं लॉकर निवडा, पैसे भरा, कोड लॉकरच्या पडद्यावर टाका, दार उघडतं. घेणाऱ्याला एसएमएसने दाराचा कोड जातो आणि सात दिवसांची मुदत मिळते. लॉकर बहुतेक सुपरमार्केटच्या दाराशी असल्यामुळे दूध आणायला गेलं की पार्सलही होतं. ख्रिसमसच्या आधी मात्र निवडलेलं लॉकर भरलेलं असेल तर पार्सल जवळच्या दुसऱ्यात पडतं, म्हणून एसएमएसमधला पत्ता वाचल्याशिवाय घराबाहेर पडू नये. थंडीत उघड्यावरच्या लॉकरमधून लॅपटॉप किंवा कॅमेरा आणला तर खोकं तसंच बंद दोन-तीन तास घरात ठेवा. उणे १५ मधून आलेल्या धातूवर गरम खोलीत लगेच पाणी धरतं.

भारतातून येणाऱ्या पार्सलचं प्रकरण वेगळं, आणि माझी खरी चिडचिड तिथली. इथे टपाल पत्त्यापेक्षा मोबाइल नंबरावर चालतं. पुण्या-नाशकाहून पाठवणाऱ्याला दहा आकड्यांची सवय, म्हणून तो स्वतःचाच नंबर घेणाऱ्याच्या रकान्यात भरतो, नाहीतर आपल्या इथल्या नंबराआधी शून्य लावतो. एस्टोनियातला मोबाइल नंबर सात किंवा आठ आकडी, सहसा ५ ने सुरू होणारा, आधी फक्त +३७२. नंबर चुकला की एसएमएस येत नाही, मुदत संपते आणि फराळ परतीच्या वाटेला लागतो.

सीमाशुल्काच्या फॉर्मवर ‘खाद्यपदार्थ’ एवढंच लिहून भागत नाही. चकली, चिवडा, भाजणी असा एकेक जिन्नस इंग्रजीत, वजन आणि किमतीसह लिहायला सांगा, सोबत सहा आकडी एचएस कोड, म्हणजे त्या मालाच्या प्रकाराचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. १ जुलै २०२१ पासून युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या स्वस्तातल्या खरेदीलाही व्हॅट लागतो. सूट आहे ती एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेल्या ४५ युरोपर्यंतच्या भेटीला. त्यापुढे एस्टोनियाचा व्हॅट जुलै २०२५ पासून २४ टक्के. सीमाशुल्काचं घोषणापत्र टॅक्स आणि कस्टम खात्याच्या पोर्टलवर स्वतः भरता येतं. टपाल कंपनी पैसे घेऊन तेच करून देते, पण दहा मिनिटांच्या कामाला ते पैसे मोजावेत असं मला वाटत नाही. साजूक तूप, खवा, पनीर मात्र पाठवू देऊ नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ खासगी पार्सलमधून संघात आणायला बंदी आहे, मग आजीने कितीही घट्ट झाकण लावलेलं असो.

आता मोबाइल. टेलिया, एलिसा, टेले२ या तीन कंपन्यांत रेंजवरून भांडण्यात अर्थ नाही, शहरात तिन्ही चालतात. प्रश्न मोबाइल-आयडीचा, म्हणजे फोनमधल्या सिमवरून ऑनलाइन ओळख पटवण्याचा आणि सही करण्याचा. पहिले काही महिने माझं मत होतं की दरमहा वेगळं शुल्क देऊन सिममध्ये ओळखपत्र बाळगणं ही उधळपट्टी, कारण तेच काम करणारं स्मार्ट-आयडी ॲप फुकट आहे. ते मत आता अर्धंच उरलंय. नोव्हेंबर २०१७ मध्ये चिपमधल्या दोषामुळे सुमारे ७,६०,००० ओळखपत्र-कार्डांची, ऑनलाइन ओळख पटवणारी प्रमाणपत्रं एका रात्रीत स्थगित झाली, तेव्हा मोबाइल-आयडीवाल्यांचं काम चालू राहिलं. सरकारी कामाला दोन वाटा हाताशी असाव्यात, हे त्यामुळे पटतं.

पण सुट्टीत भारतात जाणाऱ्यांनी स्मार्ट-आयडी आधीच सुरू करून ठेवावं. ते नुसत्या वायफायवर चालतं, तर मोबाइल-आयडीला सिमला रोमिंग मिळावं लागतं. मोबाइल-आयडी सिमशी बांधलेलं असतं, त्यामुळे स्वस्त प्लॅनसाठी कंपनी बदललीत तर नवं सिम, नवा करार आणि ओळखपत्र कार्ड-रीडरमध्ये घालून पुन्हा ॲक्टिव्हेशन. ओळख पटवायचा पिन१ चार आकडी, सहीचा पिन२ पाच आकडी, तीनदा चुकला की बंद. मग बंद पिन उघडणारा आठ आकडी पीयूके (PUK) कोड लागतो, तो हरवला तर पुन्हा नवं सिम. सिमबरोबर आलेला कागद म्हणूनच पासपोर्टसोबत ठेवायचा, रद्दीत नाही.

रोमिंगचं एक राहिलं. संघात इथल्याच दराने बोलता येतं, ही सोय २०१७ पासूनची. पण रशियाच्या सीमेवरच्या नार्वाला नदीकाठी फोन पलीकडच्या रशियन टॉवरला चिकटतो आणि हेलसिंकीच्या बोटीवर भर समुद्रात बोटीच्या सॅटेलाइट नेटवर्कला. दोन्ही संघाच्या दराबाहेर. नार्वात नेटवर्क आपोआप निवडणं बंद करून आपली कंपनी हाताने निवडा. बोटीत चढताना सरळ एअरप्लेन मोड लावा, दोनच तासांचा तर प्रवास आहे.