थकलेल्या बिलांसाठी ‘एमएसएमई समाधान’ पोर्टल: एका वर्कशॉपचा अनुभव

भोसरीत आमचे टर्निंग आणि मिलिंगचे छोटे वर्कशॉप आहे. २०२३ साली एका जुन्या ग्राहकाकडे आमच्या तीन बिलांचे मिळून ३ लाख ८० हजार रुपये अडकले. अकरा महिने ‘साहेब बाहेरगावी आहेत’ आणि ‘पुढच्या आठवड्यात चेक काढतो’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही. या बिलांवरचा जीएसटी मात्र आम्ही वेळेवर भरला होता, म्हणजे हाती न आलेल्या पैशांवरचा करही आमच्याच खिशातून गेला होता. अखेर आमच्या सीएंच्या सल्ल्यावरून आम्ही केंद्र सरकारच्या ‘एमएसएमई समाधान’ पोर्टलवर अर्ज केला.

हे पोर्टल ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाले, परंतु त्याचे खरे बळ २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्यात आहे. लेखी करार असला तरी ग्राहकाला ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत घेता येत नाही, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. त्या वेळी बँक दर ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याजाचा दर २०.२५ टक्के, आणि एक लाखावर वर्षाचे व्याज सुमारे २२ हजार रुपये. हे व्याज ग्राहकाला आयकरात खर्च म्हणून वजाही करता येत नाही. आजवर फोनवर केलेल्या विनवण्यांपेक्षा हा एक हिशेब अधिक परिणामकारक ठरला.

अर्ज भरणे कठीण नाही. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) क्रमांक, ग्राहकाचा तपशील, पर्चेस ऑर्डर आणि बिले एवढ्यावर तो पूर्ण होतो व संबंधित सुलभीकरण परिषदेकडे, म्हणजे थकलेल्या पैशांचे असे वाद मिटवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, जातो. आमचा वेळ गेला तो कागद जमवण्यात. माल पोचवल्याच्या दोन चलानांवर ग्राहकाच्या स्टोअरचा शिक्का आणि तारीख होती, तिसऱ्या खेपेची पोच म्हणून केवळ ‘माल मिळाला’ असा व्हॉट्सअ‍ॅप संदेश होता. ही पोच फार महत्त्वाची असते, कारण माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल स्वीकारला गेला असे कायदा मानतो. आमच्या ग्राहकाने परिषदेच्या नोटिशीनंतर प्रथमच मालाच्या दर्जाची तक्रार काढली, तेव्हा या तरतुदीनेच आम्हाला तारले. उद्यम नोंदणीची तारीखही तपासून घ्यावी: पुरवठ्याचा करार होऊन गेल्यावर नोंदणी करणाऱ्याला त्या व्यवहारासाठी या कायद्याचा लाभ मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ च्या एका निकालात म्हटले आहे.

आमचे प्रकरण समेटाच्या टप्प्यावरच मिटले. मुद्दल दोन हप्त्यांत मिळाली आणि व्याजाचा मोठा भाग आम्ही सोडून दिला. तो सोडायला नको होता असे आज वाटते, पण त्या महिन्यात कामगारांचा पगार समोर उभा होता. समेट झाला नसता तर प्रकरण लवादाकडे गेले असते. लवादाच्या निवाड्याला आव्हान देण्यापूर्वी ग्राहकाला ७५ टक्के रक्कम जमा करावी लागते, ही आपल्यासारख्यांना मोठी ढाल आहे.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. प्रकरण ९० दिवसांत निकाली काढावे असे कायदा सांगतो, परंतु प्रत्यक्षात कित्येक प्रकरणे त्याहून लांबतात. निवाडा मिळाल्यावरही ग्राहक पैसे देत नसेल, तर वसुलीसाठी न्यायालयाची पायरी चढावी लागू शकते. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळत असली तरी उशिराच्या पेमेंटचे हे संरक्षण मिळत नाही, आणि मध्यम उद्योगही त्याच्या बाहेर आहेत.

ज्यांच्याकडे शिक्क्याची पोच आणि जुनी उद्यम नोंदणी आहे, त्यांनी ४५ दिवस उलटले की अर्ज करण्यास कचरू नये; आम्ही अकरा महिने थांबलो ही आमची चूक होती. मात्र त्या ग्राहकाने त्यानंतर आम्हाला एकही ऑर्डर दिलेली नाही, हेही अर्ज करण्यापूर्वी लक्षात घ्यावे.