'कार्मेल सुर' मँझनिटा: एक उन्हाळा काढल्यानंतर

दारापुढचं लॉन काढून टाकलं आणि त्या उतारावर 'कार्मेल सुर' मँझनिटाची रोपं लावली. गेल्या दिवाळीनंतर, पहिला पाऊस पडल्यावर. एक गॅलनची कुंडी 15 डॉलरच्या आसपास पडली. आता इथला, कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलचा कोरडा उन्हाळा रोपांनी काढलाय, म्हणून लिहिते.

हे सदाहरित झुडूप मूळचं मॉन्टेरे काउंटीतलं. लिटल सुर नदीच्या मुखाच्या आसपासचे समुद्रकडे, एवढंच त्याचं राज्य. तिथे दुर्मीळ, पण नर्सरीत हा वाण सहज मिळतो. फूटभर उंच, पसरतो मात्र सहा फुटांच्या पुढे. पानं राखाडी-हिरवी, जाड. जुन्या फांद्यांची साल तांबूस-तपकिरी आणि गुळगुळीत.

आता मुख्य मुद्दा, पाणी. आपल्याकडे उन्हाळ्यात झाडाला पाणी घालणं म्हणजे पुण्य. इथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि मँझनिटाला सवय कोरड्या उन्हाळ्याची. उन्हात तापलेली माती ओली राहिली की बुरशीने मुळं कुजतात. पहिलं वर्ष म्हणून मी दोन-तीन आठवड्यांतून एकदाच, सकाळच्या गारव्यात भरपूर पाणी दिलं. आई आली होती. तिला ते बघवेना. "अगं, सुकून जाईल गं! निदान आळं तरी कर." आळं तर अजिबात नको. आमची माती चिकण, त्यामुळे रोपं मुद्दाम उंचवट्यावर बसवलीत, बुंध्याशी पाणी साचू नये म्हणून. शेणखत, युरिया काही नाही. मुळांशी जगणारी बुरशी त्याला पोसते. (हो, एक बुरशी मारते, दुसरी पोसते.)

तक्रारी आहेत. शेजाऱ्यांच्या स्प्रिंकलरचं पाणी ज्या कडेला उडतं तिथे कोवळी पालवी फार फुटली, आणि तिथेच पानांच्या कडा दुमडून लालभडक, शेंगेसारख्या गाठी झाल्या. फोडून पाहिलं तर आत मावा. झाड मरत नाही त्याने, पण दिसतं वाईट. फवारणी केली नाही, तेवढी पानं खुडली. शिवाय फुलांचं म्हणाल तर नर्सरीतल्या पाटीवर गुलाबी फुलांचा झोकदार फोटो होता. या वाणाला मुळात फुलं कमीच. गेल्या हिवाळ्यात एखाद-दुसरा घोस. फुलांसाठीच घ्यायचं असेल तर याच जातीतला 'बर्ट जॉनसन' बघा.

झाडं एकमेकांना भिडेपर्यंत मधल्या जागेत तण येतंच, ते उपटत राहावं लागतं. लाकडाचा भुसा पसरला तर कमी येतं, फक्त बुंध्यापासून चार बोटं लांब ठेवा. आणि सेल लागला म्हणून जूनमध्ये विकत आणू नका, नोव्हेंबरपर्यंत थांबा.